घाव कुणी घातला, तेही लिहा

पूर्वी मानसोपचारतज्ज्ञाच्या खाजगी दवाखान्याच्या पाटीवर 'मनोविकार, फिट्स, डोकेदुखी, व्यसनमुक्ती' एवढेच असायचे. आता त्याखाली एक नवी ओळ दिसू लागली आहे. 'सायकोथेरपी' आणि 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर'. मोठ्या शहरांत तर दिसतेच, जिल्ह्याच्या गावांतही ती पोचली आहे. सोबतच्या माहितीपत्रकावर गुडघ्यात डोके घातलेल्या एका बाईचे चित्र असते. बाईचेच असते, पुरुषाचे क्वचित.

ट्रॉमा म्हणजे आघात, जखम. समोरच्या माणसाला कधीतरी, कुणीतरी खोल जखम केलेली असू शकते, याचे भान ठेवून केलेले उपचार म्हणजे ट्रॉमा-इन्फॉर्म्ड उपचार. वाचून बरे वाटते. 'बाई वेडी नाही, तिला वेड लावले जाते आहे' हे स्त्री संघटना वर्षानुवर्षे ओरडून सांगत आल्या. ते अखेर डॉक्टरांच्या पाटीपर्यंत पोचले, असे वाटते.

पण पाटीवरची ओळ आतल्या केसपेपरपर्यंत पोचली आहे का? स्त्री संघटनेच्या समुपदेशन केंद्रात काम करताना अनेक बायकांबरोबर मी अशा दवाखान्यांच्या बाकांवर बसले आहे, त्यांच्या फायली वाचल्या आहेत. त्यावरून सांगते, बहुतेक ठिकाणी ती पोचलेली नाही. जखम आहे, हे आता मान्य होते. ती कुणी केली, हे मात्र विचारले जात नाही. विचारले तर लिहिले जात नाही. माझा आक्षेप मानसोपचाराला नाही. जखमेचे दुकान मांडून जखम करणाऱ्याला बाहेरच्या खुर्चीत सन्मानाने बसवण्याला आहे.

शब्द कुणाचा?

आधी या शब्दाचा हिशेब करू. मानसिक आघाताचे हे ज्ञान दवाखान्यात जन्मले नाही. दवाखान्याने ते एकदा हाती आलेले टाकून दिले होते. १८९६ साली व्हिएन्नात फ्रॉइडने अठरा रुग्णांच्या आधारे मांडले की हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. पुढच्याच वर्षी त्याने हे मत मागे घेतले. पुढे बायकांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच मनातल्या इच्छा आणि कल्पना ठरल्या. चांगल्या घरांतल्या इतक्या बापांनी आणि काकांनी असे केले असेल, हे पचवण्यापेक्षा इतक्या मुली खोट्या ठरवणे सोपे होते.

तो धागा पुन्हा उचलला गेला तो स्त्रियांच्या चळवळीमुळे. १९७० च्या दशकात अमेरिकेत बायका लहान लहान गटांत बसून बोलू लागल्या, बलात्कारावर जाहीर बोलू लागल्या. त्याच सुमारास बोस्टनच्या सरकारी इस्पितळात ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्कारानंतर आणलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९७४ साली 'बलात्काराच्या आघाताची लक्षणे' शास्त्रीय नियतकालिकात मांडली. एक परिचारिका होती, दुसरी समाजशास्त्रज्ञ.

१९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात आघातोत्तर ताणाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, दाखल झाला. तो व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. त्या व्याख्येत आघात म्हणजे 'माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची घटना' असे म्हटले होते. मार खाणाऱ्या बाईला हे वाक्य वाचून दाखवा! तिच्या आयुष्यात मार हाच तर नेहमीचा अनुभव. ते शब्द ग्रंथातून जायला १९९४ साल उजाडले. त्याआधी १९९२ साली मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात रणांगणावरचा सैनिक आणि घरात मार खाणारी बाई यांना शेजारी बसवले. समाजात चळवळ असेल तरच हे ज्ञान टिकते, नाहीतर पुन्हा विसरले जाते, असे त्यांनी बजावले. बरे होण्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले. पहिला सुरक्षितता, दुसरा आठवणे आणि शोक करणे, तिसरा पुन्हा माणसांत येणे.

पहिला टप्पा सुरक्षितता. गोळी नाही, श्वासाचे व्यायाम नाहीत, 'भूतकाळ सोडून द्या' तर नाहीच नाही. बाई आज रात्री ज्या घरात झोपणार आहे, तिथे ती सुरक्षित आहे का, हा पहिला प्रश्न. हा प्रश्न न विचारणाऱ्या दवाखान्याने ट्रॉमाची पाटी उतरवून ठेवावी. शब्द आमचा आहे, बायकांच्या तोंडून आलेला आहे. तो अर्थासकट वापरा.

केसपेपरचा पहिला रकाना

मानसोपचाराच्या केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचा. त्यात रुग्णाशी नाते लिहायचे आणि माहिती 'विश्वसनीय व पुरेशी' आहे का, याचा शेरा मारायचा. वैद्यकीय महाविद्यालयात ही पद्धत शिकवली जाते आणि तिला कारणही आहे. एखाद्याला भास होत असतील, स्वतःचे भान नसेल, तर घरच्यांकडून कळलेले उपयोगी पडते. पण बाई रुग्ण असली की या रकान्यात बहुधा नवरा असतो, नाहीतर सासू. आणि पुढचा शेरा जणू छापूनच आलेला असतो, 'विश्वसनीय व पुरेशी'.

आमच्या केंद्रात एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन आली. पावणेदोन वर्षे ती एका खाजगी दवाखान्यात जात होती. नाव शहराचेही सांगत नाही, कारण असे दवाखाने एका शहरापुरते नाहीत. फाइलच्या पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिले होते : माहिती देणारा पती, माहिती विश्वसनीय व पुरेशी. तक्रारी : चिडचिड, झोप नाही, घरकामात लक्ष नाही, नवऱ्यावर संशय. चौथ्या भेटीच्या नोंदीत, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. सगळी फाइल मी चाळली. 'मारहाण' हा शब्द एकदाही नव्हता. तिच्या डाव्या मनगटाचे हाड मोडून वाकडे जुळलेले, टेबलापलीकडून दिसत होते.

मी विचारले, "डॉक्टरांनी तुला घरचं काही विचारलं नाही का?"

"विचारलं की," ती म्हणाली. "हे शेजारीच बसले होते."

नवरा शेजारी बसलेला असताना 'घरी सगळं ठीक ना?' असे विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. तो फाइल भरण्याचा उपचार झाला. 'नवऱ्यावर संशय' या नोंदीचेही पाहा. नवऱ्याचे बाहेर संबंध होते, हे वाडीतल्या पोराटोरांना माहीत होते. केसपेपरवर मात्र ते तिच्या आजाराचे लक्षण झाले. संशय खरा आहे की नाही हे पाहायचे तर कुणाला तरी विचारावे लागते, आणि विचारायला खोलीत दुसरे होते कोण? विश्वसनीय नवराच.

रात्रीची गोळी

पुढे ती जे म्हणाली, ते डॉक्टरांनी ऐकावे म्हणून इथे लिहिते. तिच्या परवानगीने लिहिते आहे. "पूर्वी मी रात्री जागी असायचे, म्हणून तर झोपेची तक्रार. पण जागी असले की पायरव कळायचा. हा पिऊन आला की मी पोरांच्या मधे जाऊन पडायचे. गोळी सुरू झाल्यापासून काही कळत नाही. सकाळी अंगावर वळ दिसतात, मग कळतं रात्री काय झालं."

तिची न येणारी झोप हा आजार नव्हता. ती राखण होती. डॉक्टरांनी राखण काढून घेतली आणि बाईला गुंगीत घालून त्याच घरात, त्याच माणसाच्या हाती परत दिले. गोळ्याही तोच मोजून देत असे. नवऱ्याने केलेला बलात्कार आपल्या कायद्यात आजही बलात्कार नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही कलम ६३ मध्ये तो अपवाद जपून ठेवला आहे. निदान दवाखान्याने तरी त्या अपवादाच्या मदतीला जाऊ नये.

कुणी म्हणेल, हे एकटदुकट उदाहरण. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधीतरी लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे २९ जणींनी नवऱ्याची हिंसा भोगल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा भोगलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरात फक्त १४. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२१ या एका वर्षात २३,१७९ गृहिणींच्या आत्महत्या आहेत. निराशा, धडधड, निद्रानाश घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बायका याच समाजातून येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच मार्गदर्शक सूचना काढून सांगितले आहे की अशी मानसिक लक्षणे असलेल्या स्त्रीला तिच्या जोडीदाराच्या हिंसेबद्दल विचारावे, आणि विचारताना ती एकटी असावी. म्हणजे आम्ही मागतो आहोत ते संघटनेचे खूळ नाही, वैद्यकशास्त्राचाच पाठ आहे.

कागद पुढे कुठे जातो?

डॉक्टर म्हणतात, 'आम्ही फक्त उपचार करतो, तुमच्या कोर्टकचेऱ्यांत आम्हाला ओढू नका.' पण त्यांचा कागद आधीच कोर्टात पोचलेला असतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(तीन)प्रमाणे जोडीदाराला मानसिक विकार आहे, आणि तो अशा प्रकारचा व इतका आहे की त्याच्यासोबत राहण्याची अपेक्षा करता येत नाही, असे दाखवून घटस्फोट मागता येतो. मग नवऱ्याचा वकील चिठ्ठ्यांचा गठ्ठा जोडतो. आमच्याकडच्या एका बाईला झोपेसाठी क्वेटियापिन अगदी थोड्या मात्रेत दिले होते. वकिलाने सांगितले, हे स्किझोफ्रेनियाचे औषध आहे, त्याअर्थी बाईला स्किझोफ्रेनिया आहे. मुलाचा ताबा, पोटगी, राहते घर, सगळे त्या एका चिठ्ठीला टांगले गेले. चिठ्ठी डॉक्टरांनी दिली होती नवऱ्याच्या हातात.

कायदा इतका आंधळा नाही. राम नारायण गुप्ता खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध व्हावे लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचे कलम ३ सांगते की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून व्यक्ती 'विकल मनाची' ठरत नाही, ते ठरवणे सक्षम न्यायालयाचे काम. कलम १०५ सांगते की कोर्टात आजाराचा पुरावा आला आणि दुसऱ्या बाजूने त्याला हरकत घेतली, तर कोर्टाने तो मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवावा. ही कलमे आपल्या वकिलांना तोंडपाठ हवीत. तरीही पहिला वार कागदाचा असतो. तो झेलताझेलता बाईची वर्षे जातात.

पुण्याच्या मैत्रिणींना मंजुश्री सारडा प्रकरण आठवत असेल. १९८२ सालच्या जूनमध्ये, लग्नाला चार महिने होत असताना, ती सायनाइडने गेली. खालच्या दोन न्यायालयांनी नवऱ्याला दोषी धरले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडले. तो निकाल मी इथे पुन्हा चालवत नाही. मला बोलायचे आहे ते तिच्या पत्रांविषयी. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिने आपले दुःख सांगितले होते. न्यायालयाने त्यातून तिचा स्वभाव आणि मनःस्थिती वाचली आणि निराशेतून तिने जीव दिला असण्याची शक्यता मानली. बाईने दुःख सांगितले की ते तिच्या मनाचे लक्षण होते, ते देणाऱ्याविरुद्धचे म्हणणे होत नाही. तेव्हा हे पत्रांचे झाले, आज केसपेपरचे होते.

आणि हाच कागद उलट्या बाजूनेही चालतो, हे विसरू नका. पूर्वीच्या ४९८अ मध्ये आणि आता न्याय संहितेच्या कलम ८६ मध्ये क्रूरतेच्या व्याख्येत स्त्रीच्या मानसिक आरोग्याची हानी येते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २२ खाली मानसिक छळाची नुकसानभरपाई मागता येते. ती मागायची तर पुरावा लागतो. 'नवऱ्याने मारल्याचे सांगते, तेव्हापासून झोप नाही, दचकते' अशी तारखेसह डॉक्टरांच्या हाताने झालेली एक नोंद बाईच्या हातात केवढे बळ देईल! 'निराशा, निद्रानाश' एवढेच लिहिले की तेच दुःख तिच्यावर उलटते. लेखणी तीच, शाई तीच. ती कुणाच्या बाजूने चालली, हा प्रश्न आहे.

'आम्ही तटस्थ असतो'

हे सगळे बोलले की काही उत्तरे ठरलेली असतात. एकेक घेऊ.

'डॉक्टर न्यायाधीश नव्हे, तो तटस्थ असतो.' न्यायनिवाडा करा असे कुणी म्हणत नाही. हाड मोडलेल्या माणसाला अस्थितज्ज्ञ 'कशाने मोडले?' असे विचारतोच ना? ते विचारल्याने तो न्यायाधीश होत नाही. आणि नवऱ्याचे म्हणणे 'विश्वसनीय' असे लिहिताना तटस्थता कुठे गेलेली असते?

'तुम्हाला सगळीकडे नवराच दिसतो. आजार खरेही असतात.' असतात. बाळंतपणानंतर भास होऊन स्वतःच्या लेकराला उचलायला घाबरणारी बाई मी पाहिली आहे. वेळेवर मिळालेल्या औषधाने ती आणि तिचे लेकरू दोघेही वाचले. मेंदूचे आजार असतात, औषधे लागतात, आणि बाईला देवऋष्याकडे नेऊन मिरचीची धुरी देण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हजारपट बरे. आपल्यातल्या काही जणी 'गोळी म्हणजे गुलामी' म्हणतात, ते मला मान्य नाही. पण आजारी बाईला मार बसत नाही, असे थोडेच आहे? तिला जास्तच बसतो, कारण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आजार खरा असेल तिथे हा प्रश्न अधिकच विचारला पाहिजे.

'रुग्णाला कुटुंबाकडेच परत जायचे असते, कुटुंब तोडून कसे चालेल?' कुटुंब आम्ही तोडत नाही, ते ज्याने तोडले त्याचे नाव विचारतो आहोत. आणि 'बाईच्या भल्यासाठी' घरच्यांनी किंवा संस्थेने निर्णय घेतले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता हे कारण दिले गेले. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या म्हणून ते निदान चव्हाट्यावर आले. मतिमंदत्व वेगळे, मानसिक आजार वेगळा. पण 'हिला काय कळते' हा शेरा एकदा बसला की बाईचे शरीर दुसऱ्याच्या सहीवर चालते, हे दोन्हीकडे सारखेच.

तासाचे पैसे कोण भरतो?

आता फीचे. औषध लिहून द्यायला दहा मिनिटे पुरतात. सायकोथेरपीला पाऊण तास, तास लागतो, आणि महिनोन् महिने जावे लागते. मोठ्या शहरांत एका तासाला जे मोजावे लागते, त्यासाठी धुण्याभांड्याच्या बाईला एका घरी महिनाभर राबावे लागते. म्हणजे पाटीवर सायकोथेरपी असली तरी गरीब बाईच्या वाट्याला दहा मिनिटे आणि गोळीच. जिला तास मिळतो, तिचेही पैसे बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खिशातून येतात. पैसे देणारा विचारतो, 'डॉक्टर, काय म्हणाली ती?' आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ गुप्ततेचा हक्क देत असूनही काही डॉक्टर सांगून मोकळे होतात. फी ज्याने भरली, मन त्याचे नसते. मन तिचे असते.

पैशावाचून हे जमत नाही असेही नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. बाई कुठलेही दुखणे घेऊन रुग्णालयात आली तरी हिंसेची शंका येताच तिला तिथे पाठवायचे, एकटीशी बोलायचे, तिच्या सुरक्षिततेची आखणी तिच्याबरोबर करायची. फी नाही. सरकारी रुग्णालयाला जे साधते, ते भल्या मोठ्या पाटीच्या दवाखान्याला का साधू नये?

आपल्या मागण्या

नुसती तक्रार करून थांबायचे नाही. आपल्या गावातल्या प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाला भेटून पुढील गोष्टी मागाव्यात, असे मी सुचवते.

१. पहिल्याच भेटीत बाईशी एकटीशी, दार लावून बोला. नवरा, सासू आणि आईसुद्धा बाहेर.

२. सरळ विचारा. 'घरात कुणाची भीती वाटते का? कुणी मारतं का? नको असताना जवळ येतं का?' आडून विचारले की उत्तरही आडून येते.

३. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात पहिले नाव तिचे लिहा. तिचे म्हणणे तिच्या शब्दांत, तारखेसह लिहा. घाव दिसला तर घाव लिहा, आणि कुणी घातला असे ती सांगते, तेही लिहा.

४. गुंगीचे औषध देण्याआधी रात्र कशी जाते ते विचारा. गोळ्या तिच्याच हातात द्या.

५. तिच्या परवानगीवाचून नवऱ्याला किंवा त्याच्या वकिलाला चिठ्ठी, फाइल, दाखला काहीही देऊ नका. कोर्टाचा हुकूम आला तर गोष्ट वेगळी.

६. हिंसा असेल तिथे नवराबायकोला एकत्र बसवून समेट घडवू नका. मारणारा खोलीत असताना होते ती तडजोड, उपचार नव्हे.

७. संरक्षण अधिकारी, जवळची स्त्री संघटना, १८१ ही हेल्पलाइन, यांची माहिती टेबलावर ठेवा. जायचे की नाही, ते तिला ठरवू द्या.

८. आठवड्यातले काही तास कमी फीचे किंवा बिनफीचे ठेवा.

जो डॉक्टर या गोष्टी करील, त्याचे नाव आपण बायकांना सांगू. असे डॉक्टर आहेत, आणि त्यांनाही आपल्या पाठबळाची गरज आहे, कारण नवऱ्यांच्या शिव्या त्यांनाही खाव्या लागतात. जो करणार नाही, त्याने 'ट्रॉमा' हा शब्द पाटीवर का लावला, ते आपण त्याला जाऊन विचारू.

दुसरे काम आपल्या केंद्रांचे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकते. स्टँप लागत नाही, वकील लागत नाही, आणि मन बदलले तर नाव केव्हाही बदलता येते. असा कागद नसेल तर प्रतिनिधी म्हणून नातेवाइकाचा नंबर लागतो, आणि कायद्याच्या भाषेत नातेवाईक म्हणजे नवराही. कलम ८९ प्रमाणे या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी तपासून, बाईला तिच्या संमतीवाचून तीस दिवसांपर्यंत दाखल करून घेता येते. बाईला असे दाखल केले तर तीन दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. ते कळवले गेले का, हे विचारायला कुणीतरी हवे. तेव्हा प्रत्येक केंद्रात हा साधा कागद भरून घ्या. बहीण, मैत्रीण, शेजारीण, जिच्यावर बाईचा विश्वास आहे तिचे नाव. एक प्रत बाईकडे, एक प्रतिनिधीकडे, एक आपल्या कपाटात. कलम २५ प्रमाणे स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्कही तिला आहे. ती फाइल नवऱ्याच्या कपाटात जाण्याआधी तिच्या पिशवीत आली पाहिजे.

तिसरे, बाईला दवाखान्यात 'पाठवू' नका. बरोबर जा. ती तयार असेल तर आत बसा, नसेल तर बाहेरच्या बाकावर बसा. तिच्याबरोबर कुणीतरी आहे, एवढे दिसले तरी केबिनमधला सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या तीन महिन्यांत आपापल्या गावात किती डॉक्टरांना भेटलात, कोण काय म्हणाले, किती कागद भरून झाले, ते या अंकाच्या पत्त्यावर लिहून कळवा. पुढच्या अंकात ते छापू. ज्या डॉक्टरांना या लेखाचा राग येईल त्यांनीही लिहावे. त्यांनी फक्त आपल्या दवाखान्यातले शेवटचे दहा केसपेपर काढून पहिला रकाना वाचावा, आणि मग लेखणी उचलावी.